बुडालेली शाळा आणि परतलेली मुले

शाळा सुटणे निराळे आणि शाळा बुडणे निराळे. सुटीत सगळा वर्गच घरी असतो, त्यामुळे परतताना कोणी पुढे आणि कोणी मागे असा भेद राहत नाही. ज्याची शाळा बुडते त्याच्या पाठीमागे मात्र वर्ग चालूच असतो, आणि वर्ग चालू नसला तरी वर्गाचे पुस्तक, वर्षाची दिनदर्शिका आणि परीक्षेची तारीख ही तिन्ही चालत असतात. आमच्या लोकांत शाळा बुडाली म्हणजे ती किती दिवस बुडाली एवढेच विचारण्याची चाल आहे. मूल परत आले, हजेरीपटावर त्याच्या नावापुढे पुन्हा खूण पडू लागली, की आईबाप, शिक्षक आणि सरकार या तिघांसही हायसे वाटते व प्रकरण मिटले असे धरले जाते. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. प्रकरण त्या दिवशी सुरू होते. मुलाचे जे नुकसान होते त्याचा मोठा वाटा गैरहजेरीच्या काळात होत नसून परतल्यानंतरच्या वर्षांत होतो, आणि दुर्दैव असे की हाच वाटा टाळता येण्याजोगा असतो.

हे विधान कित्येकांस चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याचा पुरावा आधी देतो. पुरावा दूरचा आहे, परंतु पक्का आहे. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पाकिस्तानच्या उत्तर भागात व त्या देशाच्या ताब्यातील काश्मीरमध्ये प्रचंड भूकंप झाला. शाळांच्या इमारती कोसळल्या आणि त्या मुलखातील शाळा सरासरीने सुमारे १४ आठवडे बंद राहिल्या. पुढे देशोदेशींची मदत आली, घरे उभी राहिली, शाळाही उघडल्या. चार वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी घरोघर फिरून पाहणी केली, तेव्हा भूकंपाच्या रेषेजवळची कुटुंबे आणि दूरची कुटुंबे यांच्या सांपत्तिक स्थितीत फारसे अंतर उरले नव्हते. दोहोंकडची मुलेही सारख्याच प्रमाणात शाळेत जात होती. अंतर होते ते एकाच ठिकाणी. भूकंपाच्या जवळची मुले विद्येच्या कसोटीत दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड इयत्तेने मागे पडली होती. शाळा बुडाली १४ आठवडे आणि विद्या गेली दीड वर्षाची! मधले नुकसान कोठून आले? शाळा उघडल्यावर गुरुजींनी पुढचा धडा काढला, मागचा धडा न आलेल्या मुलास तो कळला नाही, त्यामुळे त्याच्याही पुढचा कळला नाही, आणि हे ऋण चक्रवाढीने वाढत गेले, याहून दुसरे सयुक्तिक उत्तर आम्हांस दिसत नाही. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली, ती आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. ज्या घरात आईने प्राथमिक शाळा पुरी केली होती, त्या घरातील मुलांत ही पिछाडी दिसून आली नाही. पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली तेव्हा जे लोक मुलींच्या शिकण्याने संसाराचे काय भले होणार असे विचारीत होते, त्यांच्या प्रश्नाचे हे एक उत्तर होय.

आता आपल्या प्रांताकडे वळू. कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग त्या वर्षाच्या नोव्हेंबरात व पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ मध्ये ठिकठिकाणी उघडले, परंतु दुसऱ्या लाटेने ते पुन्हा मिटले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी खेड्यांत पाचवीपासून व शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. सर्वांत लहान मुलांची पाळी सर्वांत शेवटी, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये, आली. आणि महिना पुरा होतो न होतो तोच जानेवारीत पुन्हा कुलपे लागली, ती त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघू लागली. साथीच्या पहिल्या दिवसांत शाळा बंद करणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु पानगृहे व बाजार उघडल्यानंतर कित्येक महिने पहिली-दुसरीची मुले घरात ठेवणे, हा क्रम कोणत्या शहाणपणाने लावला गेला याचा उलगडा आम्हांस अद्यापि झालेला नाही. परिणाम असा झाला की, पहिलीच्या वर्गात अक्षरे गिरवता गिरवता जे मूल घरी बसले ते सुमारे २१ महिन्यांनी परतले, तेव्हा कागदोपत्री तिसरीचे विद्यार्थी झाले होते. दुसरी नावाची इयत्ता त्याच्या आयुष्यात आलीच नाही. घरात फोन एकच, आणि तोही सकाळी बापाबरोबर कामावर जाणारा, अशी ज्यांची स्थिती, त्यांच्या बाबतीत घरबसल्या शिक्षणाची गोष्ट न बोललेली बरी.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढण्यात आला. कल्पना उत्तम होती. मागील इयत्तेतील आवश्यक भाग आधी पक्का करावा आणि मग पुढे जावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. परंतु तो निघाला तेव्हा बहुतेक शाळांची दारे बंद होती. पूल बांधावा आणि ज्यांस पलीकडे जावयाचे त्यांस काठावर येण्याची मनाई असावी, असा तो प्रकार झाला. पुढे दारे उघडली, तेव्हा पुलाची आठवण मागे पडली आणि जो तो वर्षाचे पुस्तक संपविण्याच्या घाईला लागला.

देशातील खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणारी ‘असर’ नावाची पाहणी आहे. तिचे आकडे पाहण्यासारखे आहेत. तिसरीतील जी मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात त्यांचे प्रमाण २०१८ साली शेकडा २७.३ होते; ते २०२२ साली २०.५ वर उतरले. पाचवीत तेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ झाले. आणि गंमत अशी की, याच काळात सहा ते चौदा वर्षांच्या ज्या मुलांचे नाव कोणत्याच शाळेत नाही, त्यांचे प्रमाण शेकडा २.८ वरून १.६ असे घटले. म्हणजे पटावर मुले वाढली आणि पुस्तकापुढे घटली. पुढे २०२४ च्या पाहणीत तिसरीचा आकडा २७.१ व पाचवीचा ४८.८ वर आला. ही पाचवीची मुले म्हणजे २०२२ सालच्या तिसरीचीच पिढी होय. गेलेले वाचन बऱ्याच अंशी परत मिळविता येते हे यावरून सिद्ध होते, आणि लहान इयत्तांत वाचन व आकडेमोड प्रथम, बाकीचे नंतर, असे धोरण जुलै २०२१ मध्ये निपुण भारत या नावाने सर्व देशात स्वीकारले गेले, त्यास या सुधारणेचे काही श्रेय द्यावयास आम्ही तयार आहो. तथापि भरून आले ते कशाइतके? साथीपूर्वीच्या स्थितीइतके. साथ नव्हती तेव्हाही पाचवीतील निम्म्या मुलांस दुसरीचे पुस्तक जड जात होते, हे विसरून कोणी पेढे वाटू नयेत.

जुन्या सुधारकांपुढे प्रश्न निराळा होता. गोपाळराव गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले, तेव्हा मुलांस शाळेच्या दारापर्यंत कसे आणावे ही विवंचना होती; ते बिल पुढल्या वर्षी नापसंत झाले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया लक्षात घेता हा दंड लहान नव्हता. त्या पिढीने दारापर्यंतची लढाई लढली आणि ती आज बहुतांशी जिंकली गेली आहे. आमच्या पिढीची लढाई दाराच्या आतली आहे, आणि ती दंडाने जिंकता येणारी नाही.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, त्यांस एक सरळ प्रश्न विचारतो. आपली पेढी काही कारणाने वर्षभर बंद राहिली आणि पुन्हा उघडली, तर पहिल्या दिवशी आपण काय कराल? जुन्या वहीत जेथे लेखणी थांबली त्याच्या पुढच्या पानावर नवा सौदा लिहावयास घ्याल की आधी वखारीत जाऊन माल मोजाल? काय शिल्लक आहे, काय कुजले, काय उंदरांनी खाल्ले, येणे कोणते बुडीत झाले, याचा ताळा पाहिल्याखेरीज कोणताही शहाणा दुकानदार पहिली खरेदी करणार नाही. शाळेत मात्र हा साधा व्यवहार पाळला जात नाही. परतलेल्या मुलापाशी शिल्लक किती हे न पाहता त्याच्या नावावर नवा माल टाकला जातो, आणि वर्षअखेर हिशेब लागला नाही म्हणजे मूल बुद्धीने मंद ठरते.

शिल्लक मोजण्यास मोठी परीक्षा नको. दहा मिनिटे मुलाजवळ बसून अक्षर, शब्द, चार ओळींचा उतारा व गोष्ट यांपैकी काय वाचता येते, हातच्याची बेरीज व वजाबाकी येते की नाही, हे पाहिले की पुरे. कठीण असते ते यापुढचे. पाचवीच्या वर्गातील चाळीस मुलांपैकी दहास अक्षरओळख पक्की नाही, पंधरा अडखळत वाचतात व पंधरा नीट वाचतात, असे आढळले तर एका शिक्षकाने काय करावे? याचे उत्तर आपल्याच मुंबईत शोधले गेले आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत व वडोदऱ्यात या शतकाच्या आरंभी बालसखी नावाची योजना चालविली. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे व त्यांस वाचन आणि आकडे शिकवी. या योजनेची कसून तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी केली. मुलांची प्रगती झाली व सर्वांत मागच्यांची सर्वांत अधिक झाली असे दिसून आले. बॅनर्जी व डुफ्लो यांस २०१९ साली, मायकेल क्रेमर यांच्यासह, अर्थशास्त्राचा नोबेल सन्मान मिळाला तो याच जातीच्या कामाबद्दल. यात किमया काही नाही. दिवसातील थोडा वेळ इयत्ता विसरून मुलास त्याच्या पायरीवर शिकवावे, उरलेला वेळ त्यास त्याच्या वयाच्या सोबत्यांत बसू द्यावे, एवढेच.

याच ठिकाणी दोन पक्षांचा वाद उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, येत नाही तर त्याच इयत्तेत पुन्हा बसवा. दुसरा म्हणतो, मुलाचे मन दुखवू नका, वर चढवा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रथम दुसऱ्या पक्षाचे मत घेतले; पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस मागे ठेवण्याची मुभा राज्यांस दिली. आम्हांस हे दोन्ही उपाय आळसाचे वाटतात. मागे बसविलेले मूल गेल्या वर्षी ज्या तऱ्हेने शिकले नाही त्याच तऱ्हेने पुन्हा शिकविले जाते, वरून आपल्याहून लहान मुलांत बसण्याची लाज त्याच्या वाट्यास येते, आणि मुलगी असेल तर तिला शाळेतून काढण्यास घरच्यांस एक निमित्त मिळते. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठरा पुरी होण्याआधी झाले होते असे आढळले. हा आकडा ज्या प्रांतात आहे तेथे मुलीचे एक वर्ष मागे पडणे ही किरकोळ बाब नव्हे. उलट नुसते वर ढकललेले मूल सातवी-आठवीपर्यंत मुकाट्याने बसते व मग मुकाट्याने नाहीसे होते. कायद्याच्याच चौथ्या कलमात तिसरा मार्ग सांगितला आहे. ज्या मुलाचे शिक्षण मध्येच खुंटले त्यास वयास साजेशा वर्गात घ्यावे आणि बरोबरीस येण्यासाठी खास शिकवणी मिळण्याचा हक्क त्यास असावा. चौदा वर्षे उलटली तरी प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत ते मोफत मिळावे, हेही त्यातच आहे. कलमाचा पूर्वार्ध पाळणे सोपे, म्हणून तो पाळला जातो. उत्तरार्धास माणूस आणि पैसा लागतो, म्हणून तो कागदावर राहतो.

येथवर विद्येचे बोललो. परंतु परतणाऱ्या मुलाची पहिली अडचण विद्येची नसतेच, भीतीची असते. आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळलेले, साथीत घरात कोंडलेले, बाप वारल्यामुळे आजोळी नेलेले अथवा आईबापांबरोबर परगावी गेलेले मूल शाळेच्या फाटकाशी येते, तेव्हा त्याच्या मनात गणिताचा विचार नसतो. माझी जागा कोणी घेतली असेल, माझा सोबती दुसऱ्याशी जोडला गेला असेल, सर्वांस येते ते मला येणार नाही आणि सगळे हसतील, हे विचार असतात. ते त्यास सांगता येत नाहीत, म्हणून सकाळी पोट दुखते, दप्तर सापडत नाही, डोके जड होते. आईबापांस हे ढोंग वाटते. हे ढोंग नव्हे; पोट खरेच दुखते, फक्त त्याचे कारण पोटात नसते. रविवारी दुखणे नसते व सोमवारी असते, एवढ्यावरून ते ओळखावे.

घरच्यांनी या वेळी काय करावे? आमच्याकडे मूल ऐकेना म्हणजे ‘थांब, गुरुजींना सांगतो’ असे म्हणण्याची फार जुनी खोड आहे. ज्याच्या हाती मूल सोपवावयाचे त्यालाच बागुलबुवा करून ठेवण्यासारखा अविचार दुसरा नाही. निदान परतीच्या दिवसांत तरी ही धमकी बंद व्हावी. खाऊचे आमिषही नको, कारण जेथे जाण्यासाठी लाच द्यावी लागते ती जागा वाईटच असली पाहिजे, हे मुलास तेव्हाच कळते. त्यापेक्षा आठ दिवस आधीपासून निजण्याउठण्याची वेळ शाळेची करावी. एकदा संध्याकाळी शाळेपर्यंत फेरी मारून आणावी. वर्गातील एखाद्या मुलास घरी बोलवावे, म्हणजे पहिल्या दिवशी निदान एक चेहरा ओळखीचा असेल. फाटकाशी निरोप लहान असावा. आई जितकी रेंगाळते तितके मुलास वाटते की भिण्यासारखे काहीतरी आहे खास. ‘तुला काही होणार नाही’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा न्यावयास कोण व किती वाजता येईल ते सांगावे, आणि ती वेळ चुकवू नये. पहिला आठवडा अर्धा दिवस गेले तरी चालेल, परंतु रोज जावे. एक दिवस जाऊन दोन दिवस राहिले की भीतीस पुन्हा मूळ धरावयास सवड मिळते. महिना लोटला तरी पोटदुखी व रडणे थांबत नसेल, झोप व भूक गेली असेल, तर मात्र दटावीत न बसता डॉक्टरांस दाखवावे. मनाच्या दुखण्यास वैद्य असतो हे आता आपल्या लोकांनी मान्य करावयास पाहिजे.

शिक्षकांस आमची एक विनंती आहे. ‘काय रे, इतके दिवस कोठे होतास?’ हा प्रश्न भरवर्गात विचारू नये. प्रश्न प्रेमाने विचारला तरी उत्तर देणाऱ्याच्या तोंडी शरम असते. ज्याचा बाप नुकताच गेला त्याने काय उत्तर द्यावे? ज्याच्या आईबापांवर उसाच्या फडात कर्ज फेडण्याची पाळी आली त्याने काय सांगावे? विचारपूस एकट्यात करावी, आणि दु:खाची वार्ता वर्गास सांगणे असेल तर आधी त्या मुलास विचारून, ते येण्यापूर्वी सांगावी. जागा जुनीच द्यावी. पहिल्या दिवशी त्यास येईल असे एखादे काम, फळा पुसणे, वह्या वाटणे, सोपवावे. ज्या घरात काम मिळते ते घर आपले वाटते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदी आहे, आणि बुडालेल्या दिवसांवरून सर्वांदेखत टोमणा मारणे हा छळच होय.

साथीने शाळा एकदा बुडविली, म्हणून तिची चर्चा सर्वत्र झाली. परंतु ज्यांची शाळा दरसाल बुडते त्यांच्याविषयी चर्चा कोण करतो? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीस उचल देतो. ही जोडी म्हणजे एक कोयता. हिशेबात कोयता असतो, त्याच्यामागची मुले नसतात. ती फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडास सांभाळतात, पाणी भरतात, वाढे गोळा करतात. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, म्हणजे मार्च-एप्रिलात मंडळी गावी परततात. हिशेब करून पाहा. शाळा जूनमध्ये उघडते, मूल पहिले सत्र कसेबसे शिकते, दुसरे सत्र संपूर्ण बुडते आणि परतते ते परीक्षेच्या तोंडावर. सहा इयत्तांत त्याची तीन वर्षे गेली. शहरातील मुलाची साथीमुळे दोन वर्षे गेली तर अवघा देश हळहळला. या मुलांची टाळेबंदी दर दिवाळीस लागते व पाडव्याच्या सुमारास उठते, आणि तिची बातमी होत नाही.

यावर उपाय योजले गेले नाहीत असे नाही. काही कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालल्या. गावातच आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. परगावच्या शाळेत मुलास विनाअडथळा बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्डाची योजना आहे. कर्नाटकात गेलेल्या मुलास तेथील कानडी शाळेत हे कार्ड दाखवून काय लाभ, हा प्रश्न कार्ड छापणाऱ्यांस सुचला नसावा. वसतिगृह हा या सर्वांत खरा उपाय, कारण त्यात शाळा बुडतच नाही. परंतु ते हंगामाच्या पहिल्या दिवशी चालू झाले तर. टोळी निघून गेल्यावर तीन आठवड्यांनी मंजुरीचा कागद येत असेल तर मूल तोवर गाडीत बसलेले असते. आणि ज्या मुली वयात येत आहेत त्यांस म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवण्यास आईबाप धजत नाहीत. त्यांच्यासाठी वसतिगृहात बाई अधीक्षक व रात्रीचा बंदोबस्त नसेल तर उपयोग शून्य.

तरीही जी मुले जातील ती एप्रिलात परततील, आणि त्यांच्या परतण्याची आज काहीही तयारी नसते. येथे आमची सूचना निश्चित आहे. प्रत्येक शाळेत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असावयाची आहे व तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद आईबाप असावयाचे आहेत. या समितीने दिवाळीपूर्वी कोण जाणार याची व होळीच्या सुमारास कोण परतणार याची यादी करावी. परतलेल्यांस वार्षिक परीक्षेस बसवून नापासाचा शिक्का मारण्याऐवजी मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा रोज दोन तास त्यांचे निराळे वर्ग गावातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी चालवावेत. त्यांस मानधन द्यावे लागेल. ते कोण देणार, असे विचारले जाईल. जो ऊस ही मंडळी तोडतात त्याची साखर आमच्या बाजारपेठांत विकली जाते. कारखाने, आडते व किराणा व्यापारी या सर्वांच्या नफ्यात त्या सहा महिन्यांच्या गैरहजेरीचा अंश आहे. बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी संघाने एका गावाचा दीड महिन्याचा वर्ग अंगावर घेणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. गणेशोत्सवातील एका कमानीचा खर्च त्यास पुरेल.

आणि आणखी एक गोष्ट, जी व्यापारी वाचकांस रुचणार नाही. साथीच्या दिवसांत कित्येक मुले दुकानांत, गॅरेजांत, हॉटेलांत कामास लागली व शाळा उघडल्यावरही तेथेच राहिली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवणे गुन्हा आहे; अपवाद आहे तो घरच्या धंद्यास शाळेचे तास सोडून हातभार लावण्याचा. ‘गरिबाचे पोर आहे, चार पैसे मिळतात’ या सबबीने ज्यांनी असे मूल ठेवले असेल त्यांनी त्यास नुसते काढून टाकू नये, कारण मग ते दुसऱ्या दुकानात जाईल. त्यास घेऊन स्वत: शाळेत जावे, मुख्याध्यापकांस भेटून चौथ्या कलमाखाली प्रवेश व खास शिकवणी मागावी, आणि घरी पोचणारा पगार पहिले वर्षभर चालू ठेवावा. मुख्याध्यापक जुना दाखला मागतील. तो नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे त्यांस नम्रपणे पण ठामपणे सांगावे.